वीतभर पाण्याचा हिवाळा

सोलापुरात तलाव काठोकाठ भरला की माणसं मुद्दाम गाडी काढून पाणी बघायला जातात. वर्षाकाठी सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात भरलेल्या पाण्याचं अप्रूप असणारच. पण हिवाळी पक्षी बघायचे असतील तर एक गोष्ट आधीच सांगायला हवी: तुडुंब तलावावर पक्ष्यांचे प्रकार कमी दिसतात. ऑक्टोबरात हिप्परगा तलावाच्या भिंतीवर उभं राहिलं तर लांबवर वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके, बुडी मारणारी एखादी टिबुकली आणि पाणकावळे, एवढंच हाती लागतं. पाणी मागे सरू लागलं आणि काठाला चिखल उघडा पडला, की खरा हंगाम सुरू होतो.

याचं कारण पक्ष्यांच्या पायांत आणि चोचींत आहे. टिलवा हा चिमणीएवढा पाणपक्षी. त्याला ओला चिखल किंवा बोटाच्या पेराएवढं पाणी लागतं, त्याहून खोल पाण्यात तो उभाच राहू शकत नाही. कंठेरी चिखल्या चार पावलं पळतो, थबकतो, डोळ्यांनी किडा हेरतो आणि टिपतो. पाणलाव्याची तऱ्हा वेगळी. तो लांबलचक चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. चोचीच्या टोकाशी मज्जातंतूंची दाटी असते. त्यामुळे चिखलातल्या अळीची हालचाल त्याला न बघताच कळते, आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडून तो अळी धरतो. गुलाबी काटकुळ्या पायांचा शेकाट्या आणखी थोडं पुढे, घोटाभर पाण्यात चालतो. थापट्या, भुवई बदक, तलवार बदक ही बदकं सहसा बुडी मारत नाहीत. ती डोकं पाण्यात आणि शेपूट वर करून तळाशी चोच पोचवतात, म्हणजे त्यांची मान जितकी लांब तितकंच पाणी त्यांच्या उपयोगाचं. थापट्याच्या फावड्यासारख्या चोचीला आतून बारीक दात्यांची झालर असते. तिच्यातून पाणी गाळून तो सूक्ष्म जीव खातो. लालसरी, शेंडी बदक आणि वारकरी बुड्या मारू शकतात, म्हणून भरल्या तलावातही त्यांचं भागतं.

पाणपक्ष्यांच्या अधिवासावर जगभर जे काम झालं आहे त्यातून एक आकडा पुन्हा पुन्हा समोर येतो. साधारण १० ते २० सेंटिमीटर खोलीचं पाणी सर्वांत जास्त प्रकारच्या पक्ष्यांना चालतं. २० सेंटिमीटर म्हणजे जवळपास एक वीत. आता थोडा हिशेब करू. तलावाचा काठ दर १०० मीटरला १ मीटर इतक्या संथ उताराचा असेल तर वीतभर पाण्याचा पट्टा २० मीटर रुंद होतो. उतार दर १० मीटरला १ मीटर असेल तर तोच पट्टा २ मीटरवर येतो. आणि काठाला दगडी पिचिंगची तिरकी भिंत बांधली, दर २ मीटरला १ मीटर चढणारी, तर उरतो फक्त ४० सेंटिमीटर. तलाव तोच, पाणी तेवढंच, पण पक्ष्यांच्या ताटातलं जवळजवळ सगळं गेलं. तलावांच्या सुशोभीकरणाचा कोणताही आराखडा समोर आला की मी आधी काठाचा उतार शोधतो. पदपथ, दिवे, कारंजी यांचा विचार नंतर.

शहरातल्या सिद्धेश्वर तलावाला बांधीव काठ आणि भुईकोट किल्ल्याचा शेजार आहे. तिथे बगळे, खंड्या, पाणकावळे मनसोक्त बघता येतात, पण चिखलातल्या पक्ष्यांना तिथे जागा नाही. ते बघायला फुगवट्याकडे जायला हवं. धरणाच्या भिंतीपाशी पाणी सर्वांत खोल असतं आणि जिथून नदी-नाले आत येतात त्या टोकाला ते पसरट, उथळ होत जातं. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा, म्हणजेच एकरुख तलाव, ब्रिटिश अमदानीत एकोणिसाव्या शतकात आदिला नदीवर बांधला गेला. इतक्या वर्षांच्या पुरांनी आणलेला गाळ वरच्या अंगाला बसतो आणि तिथे संथ उताराचा काठ आपोआप तयार होतो. भीमेवरचं उजनी हे याच गोष्टीचं अवाढव्य रूप. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची साठवण सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. रब्बीची आवर्तनं सुटू लागली की भिगवण, कुंभारगावपासून करमाळा तालुक्यातल्या केत्तूरपर्यंत फुगवट्याचे काठ हळूहळू उघडे पडतात. हे ‘हळूहळू’ फार महत्त्वाचं आहे. पाणी रोज थोडं थोडं उतरतं तेव्हा रोज ताज्या चिखलाची एक नवी पट्टी मिळते आणि चिखल्या आणि तुतारी पक्ष्यांचे थवे पाण्याच्या रेषेबरोबर आत आत सरकतात. पाणी झपाट्याने उतरलं तर चिखल सुकून कडक होतो आणि पाणलाव्याची चोच त्यात शिरत नाही.

त्या चिखलात असतं तरी काय? सर्वांत महत्त्वाच्या आहेत लाल अळ्या. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या चिलटांची ही पिल्लं. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो. चिखलात प्राणवायू नावापुरता असतो, तो धरून ठेवायला त्यांना हे रसायन उपयोगी पडतं. अशाच टंचाईतून वाट काढणारा दुसरा जीव याच काठावर उतरतो, तो म्हणजे पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेला हा हंस उन्हाळ्यात मंगोलिया, तिबेट आणि मध्य आशियातल्या सरोवरांवर घरटी करतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात येतो. त्याच्या हिमोग्लोबिनची रचना थोडी बदललेली आहे, त्यामुळे विरळ हवेतूनही ते प्राणवायू घट्ट पकडतं. उपग्रह-ट्रान्समीटर लावून केलेल्या अभ्यासांत या हंसांची सर्वाधिक नोंदलेली उंची ७,२९० मीटर आहे. मात्र बहुतेक प्रवास ते ५,५०० मीटरच्या खालूनच करतात. डोंगराच्या चढ-उताराला धरून वर-खाली होत, आणि बरेचदा रात्री, कारण रात्रीची थंड हवा जास्त दाट असते आणि पंखांना तिचा आधार मिळतो. मंगोलियात गळ्यात पट्टा घातलेले पट्टकादंब कर्नाटकातल्या तलावांवर सापडले आहेत. म्हणून आपल्याकडचा थवा दुर्बिणीतून बघताना प्रत्येकाच्या मानेवर नजर फिरवावी. पट्टा दिसलाच तर त्याचा रंग आणि त्यावरची अक्षरं लिहून घ्यावीत आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावीत. भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचं काम हीच संस्था कित्येक दशकं करत आली आहे.

या पक्ष्यांना दर वर्षी ‘परदेशी पाहुणे’ म्हटलं जातं, ते मला पटत नाही. तुताऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरातच येऊ लागतात, बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हंस डिसेंबरच्या सुमाराला. बरेचसे मार्च-एप्रिलपर्यंत थांबतात. उत्तरेकडे घरट्यासाठी ते दोन-तीन महिनेच काढतात. वर्षातला जास्त काळ जिथे जातो तिथली जमीन-पाणी बिघडलं तर त्या जातीचं काय होईल, हा प्रश्न सायबेरियाइतकाच उत्तर सोलापूर तालुक्याचाही आहे. शिवाय चित्रबलाक, मुग्धबलाक, चमचा, हळदी-कुंकू बदक हे तर इथलेच. उजनीवरचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही मुख्यतः कच्छच्या रणात घरटी करणारे आहेत.

काठ नुसता राखून ठेवला की काम झालं, असंही नाही, आणि हे सर्वांत ठळकपणे राजस्थानातल्या भरतपूरला कळलं. तिथलं केवलादेव पक्षी अभयारण्य १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि आत गुरं चारायला बंदी आली. हेतू चांगलाच होता. पण म्हशींचं तोंड थांबलं तसं पाण्यातलं एक गवत बेफाम माजलं. उथळ पाणी त्याने झाकून टाकलं, बदकांना मोकळं पाणी मिळेना, माशांचीही अडचण झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निष्कर्ष निघाला तो असा की या पाणथळीच्या घडणीत म्हशींचा वाटा होता आणि त्यांना हटवणं पक्ष्यांना महागात पडलं. आपल्या तलावांच्या काठी दुपारी म्हशी डुंबताना दिसतात त्यांच्याकडे मी तेव्हापासून आदराने बघतो. त्यांनी आखूड ठेवलेल्या हिरवळीवरच पट्टकादंब चरतात आणि त्यांच्या खुरांनी झालेल्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्यात तुताऱ्या किडे शोधतात. गुरं फार झाली तर काठ तुडवला जातो आणि शेणाने पाणी सडतं, हेही खरं. किती गुरं, कोणत्या महिन्यात, काठाच्या कोणत्या भागात, हे गुराख्यांशी बसून ठरवता येतं. कुंपण घालणं सोपं पडतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

गाळपेराचं तसंच आहे. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत हरभरा किंवा ज्वारी टाकायची ही जुनी रीत. ओल टिकलेली, गाळाने सकस झालेली जमीन शेतकरी सोडणार नाही आणि सोडावी असं म्हणायचा अधिकारही कुणाला नाही. अडचण येते ती पेरणी थेट पाण्याच्या रेषेपर्यंत नेली आणि त्यावर कीटकनाशक मारलं तर. लाल अळ्याही किडेच आहेत. पाण्यालगतची २०-३० मीटरची पट्टी मोकळी ठेवली तर पक्ष्यांचं काम भागतं आणि पिकाचं फार नुकसान होत नाही. कोवळ्या हरभऱ्यावर हंसांचे आणि कर्कर करकोच्यांचे थवे उतरतात, तेव्हा मात्र नुकसान एकट्या शेतकऱ्याने सोसू नये. पक्षी बघायला येणाऱ्यांच्या नाव-भाड्यातून आणि जेवणावळीतून गावात पैसा येतो. उजनीच्या काठी मच्छीमार नावाडी पक्ष्यांची नावं सांगत फिरवतात, ही त्याची चांगली सुरुवात आहे.

जलपर्णीबद्दल लोकांना बरीच माहिती आहे, म्हणून थोडक्यात. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती उबदार, सांडपाण्याने पोसलेल्या पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. विजापूर रस्त्याच्या संभाजी तलावाने तिचा विळखा अनुभवला आहे. तिची पानं कुरतडणारे भुंगेरे १९८३ पासून भारतात सोडले गेले, पण सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद येतच राहिलं तर भुंगेरे आणि यंत्रं दोन्ही मागे पडतात. आधी सांडपाणी अडवायला हवं, मग उपसा. उपसताना कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या यांच्यासाठी एखाद्या कोपऱ्यात पाणवनस्पती राहू द्याव्यात, शक्यतो पाणकणीस आणि इथली पाणफुलं. आणि मोठी यंत्रं ऑक्टोबरच्या आत काठावरून हलवावीत.

गाळ काढण्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहे आणि सोलापूरसारख्या कोरडवाहू जिल्ह्याला तिचा फायदाच आहे. साठवण वाढते, शेतात सुपीक माती जाते. फक्त खोदायचं कुठे आणि कसं, हे पोकलेन लावण्याआधी ठरलं पाहिजे. भिंतीकडच्या खोल भागातून गाळ काढला तर पाणीही वाढतं आणि फुगवट्याकडचा उथळ काठही वाचतो. काठालाच सरळ उभे खड्डे पाडले तर पाणी फार वाढत नाही, चिखलाचा पट्टा मात्र संपतो, आणि गुरं-पोरं बुडण्याचा धोका वाढतो तो वेगळाच. खोदकामात दोन-चार उंचवटे तसेच सोडले तर पाणी भरल्यावर त्यांची बेटं होतात. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरचं उदाहरण घ्या. गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यामागे अनेक दशकं गाळ साचत गेला, त्याची बेटं आणि उथळ पाणथळी झाली आणि २०२० साली तेच ठिकाण महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलं. जलसंपदेच्या हिशेबात जो तोटा होता, तो पक्ष्यांचा अधिवास झाला.

बघायला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सूर्य पाठीशी राहील अशा काठावर सकाळी सातच्या आत पोचावं आणि एका जागी बसून राहावं. पक्षी माना वर करून एका दिशेला बघू लागले की आपण फार जवळ आलो, हे ओळखून मागे व्हावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर हे कसोशीने पाळायला हवं, कारण परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवण्याचे ते दिवस असतात आणि फोटोसाठी उठवलेला प्रत्येक थवा त्यातली थोडी उडण्यात खर्च करतो. ड्रोन तर नकोच. मोजणी करायची असेल तर आधी दहा पक्ष्यांचा गट नजरेत बसवावा आणि मग थव्यात असे किती गट मावतात ते मोजावं. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. एकाच तलावावर, एकाच पंधरवड्यात, वर्षानुवर्षं केलेल्या अशा साध्या मोजणीची किंमत एखाद्या दुर्मीळ पक्ष्याच्या सुरेख फोटोपेक्षा जास्त आहे. नोंदवहीत पक्ष्यांच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची पाणीपातळी लिहायला विसरू नये. ती नसेल तर यंदा बदकं का घटली, या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

बदकं गेल्यावरही काठाचं काम थांबत नाही. उन्हाळ्यात नदी सुरय आणि पाणभिंगऱ्या बेटांच्या उघड्या वाळूवर, नुसत्या खळग्यात अंडी घालतात. एप्रिलमध्ये पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि भटकी कुत्री चालत तिथे पोचतात. त्यासाठी फेब्रुवारीतच बेट आणि काठ यांच्यामध्ये चर खणून ठेवावा लागतो. कुत्र्याला पोहल्याशिवाय पार होणार नाही इतका रुंद, आणि मेअखेरपर्यंत पाणी राहील इतका खोल.