जुना सिनेमा, पण कोणती प्रत?

मूकपट म्हटला की डोळ्यांसमोर तुरुतुरु पळणारी माणसं येतात. लग्न असो की अंत्ययात्रा, सगळ्यांनाच कुठेतरी पोचायला उशीर झालेला. त्या काळी माणसं अशी चालत नव्हती, आणि विनोदी दृश्यं सोडली तर दिग्दर्शकांनाही ती अशी चाललेली नको होती. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवला जाई आणि सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी (फ्रेम) टिपल्या जात. मग बोलपट आला. फिल्मच्या कडेला छापलेला आवाज नीट ऐकू यायचा तर वेग एकसारखा हवा, म्हणून तो सेकंदाला २४ चौकटींवर पक्का झाला. पुढे जुनी रिळंही त्याच यंत्रांवर चढली. १६ चौकटींनी टिपलेलं दृश्य २४च्या वेगाने दाखवलं की माणूस दीडपट वेगाने चालणारच. (त्या काळचे प्रोजेक्टरवालेही खेळ लवकर आटपायला वेग वाढवत, त्यामुळे ‘मूळ वेग’ नेमका कोणता यावर अभ्यासकांची अजून जुंपते.)

जुने गाजलेले चित्रपट आजच्या प्रेक्षकाने का पाहावेत आणि ते त्याला कसे दाखवावेत, हा वाद दर पिढीत नव्याने रंगतो. एक म्हणतो कंटाळवाणे, दुसरा म्हणतो तुला कळत नाही. या भांडणात एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: पाहिलीस ती प्रत कोणती?

मुळात प्रत उरलेली असणं हीच मोठी गोष्ट. १९५०च्या सुमारापर्यंत व्यावसायिक चित्रपट नायट्रेट फिल्मवर निघत. ही फिल्म चटकन पेट घेते, आणि पेटली नाही तरी हळूहळू कुजते. त्यात बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत राहिली नाही, म्हणून निर्मात्यांनीच ते फेकून दिले. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१चा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पॅरिसमध्ये आंरी लांग्ल्वा आणि जॉर्ज फ्रांजू यांनी १९३६मध्ये सिनेमाटेक फ्रांसेज हे चित्रपट संग्रहालय सुरू केलं, पुण्यात १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. तोवर बरंच काही हातचं गेलं होतं.

उरलेल्या प्रतींचीही कथा सरळ नाही. जर्मन चित्रपटाचा दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा मूकपट ‘मेट्रोपोलिस’ घ्या. जानेवारी १९२७मध्ये बर्लिनला पहिला खेळ झाला तेव्हा तो अडीच तासांचा होता. काही महिन्यांतच वितरकांनी त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा कापला. पुढची ऐंशी वर्षं जगाने ही कापलेली प्रतच पाहिली आणि दृश्यं थोर पण कथा विस्कळीत असा शेरा मारला. १९८४मध्ये संगीतकार जॉर्जिओ मोरोडरने तो आणखी आटोपशीर केला, त्याला रंगछटा दिल्या आणि रॉकची गाणी जोडली. जाणकार संतापले. पण अनेक तरुणांनी तो चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो याच रूपात, हेही खरं. मग २००८मध्ये ब्वेनोस आयरेसच्या एका संग्रहालयात १६ मिलीमीटरची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. त्यातून २०१०मध्ये जोडून घेतलेल्या आवृत्तीत परत आलेली दृश्यं ओरखड्यांनी भरलेली आहेत, त्यांची चौकटही कडेला अपुरी आहे. जोडणाऱ्यांनी तिथे काळी पट्टी तशीच ठेवली, खोटी सफाई केली नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. कापलेलं काय होतं ते बघताक्षणी कळतं. आणि त्या दृश्यांसह पाहिलं की कथेच्या विस्कळीतपणातला बराचसा भाग कात्रीचा होता हेही.

दुसरा घाव बसला चौकटीच्या आकारावर. सुरुवातीचा पडदा जवळजवळ चौकोनी होता. टीव्हीने प्रेक्षक पळवायला सुरुवात केल्यावर हॉलिवूडने १९५३मध्ये सिनेमास्कोप आणलं आणि पडदा आडवा पसरवला. पुढे गंमत अशी, की हे आडवे चित्रपट त्याच चौकोनी टीव्हीवर दाखवायची वेळ आली. मग चौकटीतला एक तुकडा निवडायचा आणि बाकीचा सोडून द्यायचा, अशी पद्धत पडली. हिशेब केला तर चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग त्यात जातो. दोन पात्रं दोन टोकांना उभी असतील तर एक बोलतं आणि दुसऱ्याचं फार तर नाक दिसतं. उलटा प्रकारही झाला: १९३९चा ‘गॉन विथ द विंड’ १९६७मध्ये ७० मिलीमीटरच्या रुंद पडद्यावर पुन्हा आणताना वरून आणि खालून छाटला गेला. आजच्या रुंद टीव्हीवर जुना चित्रपट पडदाभर ताणणारे किंवा छाटणारे तेच करतात. कडेच्या काळ्या पट्ट्या पाहून ‘चित्र अर्धं कापलंय’ अशी तक्रार करणाऱ्याला कसं समजवावं, हे मला अजून जमलेलं नाही. पट्ट्या असतात तेव्हाच चित्र पूर्ण असतं.

सगळ्यात मोठा धुरळा उडाला तो रंगांवरून. १९८०च्या दशकात संगणकाच्या मदतीने कृष्णधवल चित्रपट रंगवता येऊ लागले. टीव्ही उद्योजक टेड टर्नरने १९८६मध्ये एमजीएम हा स्टुडिओ विकत घेऊन तिथला जुन्या चित्रपटांचा साठा आपल्याकडे ठेवला आणि रंगकाम जोरात सुरू केलं. त्याचा युक्तिवाद साधा होता: चित्रपट माझ्या मालकीचे, आणि नव्या प्रेक्षकाला रंग हवेत. समर्थक वर म्हणत, नको असेल त्याने टीव्हीचं रंगाचं बटण शून्यावर न्यावं. दिग्दर्शकांचं म्हणणं वेगळं होतं. कृष्णधवल छायालेखनात प्रकाश, सावली, कपड्यांची आणि भिंतींची छटा हे सगळं करड्या रंगाच्या हिशेबाने बेतलेलं असतं. त्यावर रंगाचा हात फिरवला की नजर भलतीकडेच जाते. वुडी ॲलन आणि मिलोश फोर्मन यांनी १९८७मध्ये अमेरिकी सिनेटपुढे हीच बाजू मांडली. ‘सिटिझन केन’ही रंगवायचा विचार झाला होता; दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या मूळ करारामुळे १९८९मध्ये तो सोडावा लागला.

अमेरिकेत १९८८मध्ये कायदा झाला. दरवर्षी २५ चित्रपट राष्ट्रीय नोंदवहीत घ्यायचे आणि त्यांत फेरफार केला असेल तर प्रतीवर तसं छापायचं. म्हणजे बदलायला बंदी नव्हती, फक्त सांगून बदलायचं. फ्रान्सने पुढची पायरी गाठली. जॉन ह्यूस्टनच्या ‘द ॲस्फाल्ट जंगल’ची रंगवलेली प्रत तिथल्या टीव्हीवर दाखवण्यावरून खटला झाला आणि १९९१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ह्यूस्टनच्या वारसांची बाजू उचलून धरली. हक्क विकले तरी कलावंताचा नैतिक अधिकार उरतो, हे तत्त्व.

आपल्याकडे २००४मध्ये ‘मुघल-ए-आझम’ पूर्ण रंगीत होऊन आला तेव्हा एवढी टोकाची भांडणं झाली नाहीत. कारणही होतं. १९६०च्या मूळ चित्रपटातच काही भाग रंगीत होता, म्हणजे के. आसिफना रंग परका नव्हता. तरीही ते १९७१मध्ये गेले होते, त्यामुळे कुठल्या दालनात कोणता रंग हा निर्णय दुसऱ्यांनीच घेतला.

निर्माता-दिग्दर्शक स्वतःच हात घालतो तेव्हा काय? चॅप्लिनने १९२५चा ‘द गोल्ड रश’ १९४२मध्ये पुन्हा आणला तो मूकपटातल्या मजकुराच्या पाट्या काढून, स्वतःच्या आवाजातलं निवेदन घालून. जॉर्ज लुकसने १९८८मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे जुन्या चित्रपटांतल्या फेरफारांविरुद्ध साक्ष दिली, आणि १९९७मध्ये स्वतःच्याच ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांत नवी दृश्यं आणि नवे प्राणी घातले. स्पीलबर्गने २००२मध्ये ‘ई.टी.’मधल्या पोलिसांच्या हातातल्या बंदुका पुसून वॉकी-टॉकी दिले, पुढे त्याला ते चुकल्यासारखं वाटलं आणि बंदुका परत आल्या. स्वतःचा चित्रपट बदलायचा हक्क कलावंताला आहे असं मी मानतो. पण पहिली प्रत बाजारातून गायब करण्याचा नाही; ती पाहून मोठे झालेल्यांचीही ती थोडी असते.

आवाजाकडे मात्र या वादात फारसं कोणाचं लक्ष जात नाही. १९९६मध्ये हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ दुरुस्त करताना पावलांचे, दारांचे आवाज नव्याने तयार केले गेले, तेव्हा कान तयार असलेल्यांनी नाकं मुरडली. शांतारामांच्या १९३७च्या ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत नाही, सगळी मदार घरातल्या-रस्त्यावरच्या नैसर्गिक आवाजांवर. उद्या कोणी आजच्या प्रेक्षकाला रिकामं वाटू नये म्हणून त्याखाली व्हायोलिनं भरली, तर नायिकेची ती घुसमट शिल्लक राहील का?

आशयाच्या बाजूने वाद अलीकडे तापला. २०२०च्या जूनमध्ये एका अमेरिकी स्ट्रीमिंग सेवेने ‘गॉन विथ द विंड’ काही दिवस काढून घेतला आणि गुलामगिरीच्या चित्रणाबद्दल अभ्यासकाचं प्रास्ताविक जोडून परत लावला. चित्रपट अख्खा, वर दोन शब्द. कात्रीपेक्षा हे कितीतरी बरं.

आणि आता गाडी पुन्हा वेगाशी आली आहे. नवे टीव्ही संच दोन चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी भरतात. खेळाच्या सामन्याला ते ठीक, पण २४ चौकटींचा चित्रपट त्यामुळे गुळगुळीत, मालिकेसारखा दिसू लागतो. २०१८मध्ये टॉम क्रूझने ही सोय बंद करा म्हणून खास व्हिडिओ काढला. २०१९मध्ये टीव्ही उद्योगानेच ही भर बंद ठेवणारी ‘फिल्ममेकर मोड’ नावाची तजवीज जाहीर केली. तो मोड अनेक संचांवर अजूनही मेनूत दोन-तीन पायऱ्या खाली जाऊन आपला आपणच चालू करावा लागतो.