भातातले मीठ

भात शिजतानाच मीठ घालावे की पानात वेगळे वाढून घ्यावे, हा नीतीचा प्रश्न होऊ शकतो का? गोव्यात १७३६ साली तो झाला. त्या वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, काढलेल्या फर्मानात स्थानिक नवख्रिस्ती कुटुंबांनी काय काय सोडावे याची लांबलचक जंत्री होती. दारात तुळस नको, पुरुषांना पुडवे म्हणजे धोतर नको, बायकांना चोळी नको, आणि हिंदूंसारखा बिनमिठाचा भातही शिजवायचा नाही. धर्म बदलून दोन दोन शतके झाली तरी या लोकांची चूल अजून जुनीच आहे, हे खरे दुखणे होते.

आज हे वाचून हसू येते. पण चाल कुठे संपते, नीती कुठे सुरू होते आणि ती रेघ कोणी ओढायची, हा वाद त्या भाताच्या तपेल्यात पुरता शिजलेला आहे. नीतीची मापे त्या त्या समाजापुरतीच खरी असतात, सगळ्या माणसांना एकच माप लावता येत नाही, या मताला नैतिक सापेक्षतावाद म्हणतात. गोव्याचा इतिहास वाचताना ते मत एका पानावर पटते आणि पुढच्या पानावर पटेनासे होते.

१५१० मध्ये गोवा जिंकल्यावर पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकेर्कने सती जाण्यावर बंदी घातली. बंगालमध्ये इंग्रजांनी तोच कायदा केला १८२९ साली, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांनी. सतीची चाल आमची होती, परक्याने त्यात का पडावे, असे आज गोव्यात कोणी म्हणणार नाही. मात्र सती बंद करणारी सत्ता आणि तुळस उपटायला लावणारी सत्ता एकच. दोन्ही वेळा तिची खात्री तेवढीच पक्की होती.

जिथे महसुलाचा संबंध आला तिथे हीच सत्ता स्थानिक चालीरीतींचा मोठा मान राखी. १५२६ च्या सनदेत अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने गावकऱ्यांचे हक्क आणि रूढी लिहून काढल्या. गावकरी, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणारी संस्था, टिकली तर सारा वसूल होणार, हे त्यांना कळत होते.

मूळ वाद अर्थात गोव्याहून फार जुना आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इराणच्या दारयवहू राजाची गोष्ट सांगितली आहे. मेलेल्या बापाचे मांस खायला काय घ्याल, असे राजाने ग्रीकांना विचारले. आणि ते खाणाऱ्या एका भारतीय जमातीला विचारले, प्रेत जाळायला काय घ्याल? दोघांनीही कानांवर हात ठेवले. आपल्याकडे मनुस्मृती कृतयुगाचे धर्म वेगळे आणि कलियुगाचे वेगळे असे सांगते, आणि अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच, इंद्रियनिग्रह हा चारही वर्णांचा समान धर्म असेही सांगते. बुद्धाने तर चालीरीतींच्या फरकाचा उपयोग उलटाच केला. वायव्येकडच्या यवन-कंबोज देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ण असतात आणि तेही बदलू शकतात, हे ठाऊक आहे ना, असे तो आश्वलायन या ब्राह्मण तरुणाला विचारतो. चाल देशागणिक बदलते, म्हणून ती निसर्गाने ठरवलेली नव्हे, असा त्याचा रोख. बौद्ध वाङ्मयातला हा विचार मराठीत आणणारे धर्मानंद कोसंबी गोव्याचेच, साखवाळचे.

या वादाची सगळ्यात रंगलेली बैठक गोव्यात भरली ती १६१९ साली, चर्चच्या धर्मगुरूंची. रोबेर्तो द नोबिली हा जेझुइट संघाचा इटालियन धर्मप्रचारक १६०५ मध्ये गोव्यात उतरला आणि पुढच्या वर्षी मदुराईला गेला. तिथे त्याने संन्याशाचा वेश घेतला, मांस सोडले, संस्कृत आणि तमिळ आत्मसात केली. त्याच्याकडे बाप्तिस्मा घेणाऱ्या ब्राह्मणांनी शेंडी, जानवे, गंध काहीही टाकले नाही. ही प्रतिष्ठेची सामाजिक चिन्हे आहेत, पूजेची नव्हेत, असे नोबिलीचे म्हणणे. गोव्याचे आर्चबिशप क्रिस्तोव्हांव द सा यांना ते अजिबात मान्य नव्हते. बैठकीत बहुमत नोबिलीच्या विरोधात गेले, प्रकरण रोमला पोचले आणि १६२३ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी काही अटींवर परवानगी दिली. पुढे वाद चिघळतच राहिला. १७४४ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी या प्रथांना कडक लगाम घातला.

नोबिली आजच्या वाचकाला आपला वाटतो. परक्याची संस्कृती समजून घेणारा, देश तसा वेश मानणारा. पण जानवे ही नुसती सामाजिक चाल ठरली, की जातिभेदही नुसती सामाजिक चाल ठरतो. तिथे तसेच झाले. उच्चवर्णीयांसाठी वेगळे धर्मगुरू आणि खालच्या मानलेल्या जातींसाठी वेगळे, अशी व्यवस्था उभी राहिली. गोव्यातल्या चर्चमधल्या कोंफ्रारिया, म्हणजे भाविकांची मंडळे, हीही कित्येक वर्षे जातवार होती. समजूतदारपणाची किंमत कोणाच्या खात्यातून वळती झाली ते दिसतेच. माझे मत विचाराल तर सापेक्षतावादाचा कच्चा दुवा नेमका इथे आहे. ‘त्यांची चाल’ म्हणताना ‘ते’ म्हणजे कोण, हे तो विचारत नाही. समाजाच्या वतीने बोलणारा बहुधा त्या चालीचा लाभधारक असतो.

एकोणिसाव्या शतकात हाच पेच कायद्यात उतरला. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. लग्नाची नोंदणी, मुलामुलींना वारसाहक्कात सारखा वाटा, सगळ्या धर्मांना मिळून एकच. आजही आमच्याकडे मांडवातल्या लग्नाने भागत नाही, रजिस्ट्रारकडे सह्या कराव्याच लागतात. पण दहाच वर्षांत, १८८० च्या हुकूमनाम्याने हिंदूंच्या काही रूढींना सूट मिळाली. पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झाले नाही, किंवा तिशी उलटली तरी मुलगा नाही, तर हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करण्याची मुभा. ही सूट व्यवहारातून केव्हाच गेली. कायद्याच्या इतिहासात ती आहे.

विसाव्या शतकात बाजू बदलल्या. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात सभाबंदी होती, लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी तपासून घ्यावी लागे. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली ती नागरी स्वातंत्र्याच्या मागणीसाठी. सभेत बोलण्याचा हक्क माणूस म्हणून मिळतो, कोणत्या प्रांतात जन्मलो यावर तो ठरत नाही, ही भूमिका त्यात गृहीत होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांना बजावले, की पाश्चात्त्य मूल्येच सगळ्या जगाची म्हणून लादू नका. त्यांची भीती खोटी नव्हती. १७३६ चे फर्मान आठवावे. तरीही १० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. आठ देश तटस्थ राहिले. ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा मसुद्यातला इंग्रजी शब्दप्रयोग बदलून तिथे ‘सर्व माणसे’ आणण्यात भारताच्या हंसा मेहता यांचा हात होता. वैश्विक म्हणवणाऱ्या मजकुरालाही बाहेरच्या कोणीतरी दुरुस्ती सुचवावी लागली.

गोव्यात तशी दुरुस्ती आतूनही झाली. देवळांच्या सेवेला बांधलेल्या कलावंत समाजात मुलींना त्या जिण्यात ढकलणारे विधी पिढ्यानपिढ्या परंपरा म्हणून चालत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांविरुद्ध उभे राहिले ते त्याच समाजातले राजाराम पैंगीणकर आणि त्यांचे सहकारी. त्यांना परंपरेची महती सांगायला पुढे आलेल्यांमध्ये ज्यांच्या घरच्या मुली देवळात कधी वाहिल्या गेल्या नाहीत असे बरेच जण होते.