जनमत कौल (गोवा, १९६७)

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणूनच राहावा, हे ठरवण्यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात घेतलेले थेट मतदान. त्याच वेळी दमण व दीवच्या मतदारांपुढे गुजरातमध्ये विलीनीकरणाचा पर्याय होता. गोव्यात विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. एखाद्या प्रदेशाने शेजारच्या घटकराज्यात जावे की नाही हे विधिमंडळाने न ठरवता थेट मतदारांना विचारल्याचे स्वतंत्र भारतातील हे ठळक उदाहरण आहे. गोव्यात १६ जानेवारी हा दिवस ‘अस्मिताय दीस’ म्हणून पाळला जातो.

संज्ञा. भारतीय संविधानात सार्वमताची तरतूद नाही. अनुच्छेद ३ नुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधिमंडळाचे म्हणणे मागवावे लागते, जनतेचे नाही. म्हणून १९६६ च्या कायद्याने ‘सार्वमत’ हा शब्द टाळून ‘ओपिनियन पोल’ हा शब्द घेतला. निकाल संसदेवर कायद्याने बंधनकारक नसेल, मतदान फक्त लोकांचे मत अजमावील, असा त्याचा अर्थ. मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘जनमत कौल’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. आज ‘ओपिनियन पोल’ म्हटले की निवडणूकपूर्व पाहणी डोळ्यांसमोर येते. त्या जनमत चाचणीशी याचा काही संबंध नाही.

‘कौल’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ शब्द, वचन. मराठी कागदपत्रांत पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सारामाफीचे किंवा अभयाचे जे लेखी आश्वासन मिळे तो कौल, कौलनामा. गोव्यात व कोकणात देवाचा कौल अधिक परिचयाचा आहे. मूर्तीच्या अंगावर ठरावीक ठिकाणी ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात आणि उजवीकडची पाकळी आधी पडते की डावीकडची, यावरून होकार-नकार ठरतो. देवाच्या कौलाचा अर्थ राज्यकर्त्याच्या कौलावरून पुढे आला असावा, हे मत सयुक्तिक वाटते. शाक्तांच्या कौल पंथाशी किंवा छपराच्या कौलाशी या शब्दाचा संबंध जोडण्यास आधार दिसत नाही. मतदानाला हा शब्द चपखल बसला, पण त्याने एक गैरसमजही रुजवला. देवाच्या कौलात प्रश्न विचारणारा ठरवील तेवढाच प्रश्न असतो आणि मिळालेले उत्तर अंतिम मानायचे असते. लोकशाहीत प्रश्न कोणी घातला हेही विचारावे लागते.

पार्श्वभूमी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि दमण व दीवसह केंद्रशासित प्रदेश बनला. ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली विधानसभा निवडणूक झाली. तीस जागांपैकी २८ गोव्यात होत्या. विलीनीकरणाच्या मुद्द्यावर लढलेला महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष सर्वांत मोठा ठरला, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. हा निकाल म्हणजेच जनादेश, अशी मगो पक्षाची भूमिका होती आणि १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही केला. महाराष्ट्र विधानसभेनेही तसाच ठराव केला, तर म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्याने विरोध नोंदवला. सरकार निवडताना दिलेले मत प्रदेशाचे अस्तित्व संपवण्यासाठी वापरता येणार नाही, त्यासाठी वेगळे मत घ्या, हा सिक्वेरा यांचा आग्रह होता. गोवा काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत याच बाजूने खटपट केली.

मुंडकार व कूळ. या वादाचे वर्णन बहुधा मराठी विरुद्ध कोकणी किंवा हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असे केले जाते. ते अपुरे आहे. विलीनीकरणाच्या मागे जी मते उभी राहिली त्यांतली पुष्कळशी जमिनीच्या प्रश्नातून आली होती. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर बांधून राहणारा माणूस. घर त्याचे, जमीन भाटकाराची, आणि भाटकाराची मर्जी फिरली की घर सोडण्याची पाळी. शेजारी मुंबई राज्यात कूळकायद्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला होता आणि कसणाऱ्याला मालकीचा मार्ग मोकळा झाला होता. सावंतवाडीच्या पलीकडे जे मिळाले ते आपल्यालाही मिळावे, ही पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतील बहुजन समाजाची अपेक्षा होती. गोव्यात कुळांसाठी १९६४ मध्ये कायदा झाला, पण मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७० च्या दशकात आला. म्हणजे कौलाच्या दिवशी मुंडकाराच्या पाठीशी असा कायदा उभा नव्हता. ‘फूल’ या विलीनीकरणाच्या चिन्हावरचे त्याचे मत भाषेइतकेच घराच्या चौथऱ्याचे होते.

दुसऱ्या बाजूलाही पोटाचे प्रश्न होते. महाराष्ट्रात दारूबंदी होती. विलीनीकरण झाल्यास माडाची सूर काढणारे रेंदेर, काजूची भट्टी लावणारे आणि लहान तावेर्नवाले (गुत्तेवाले) यांचा धंदा बसेल, हा प्रचार गोव्यातील सासष्टी व बार्देश तालुक्यांत प्रभावी ठरला. सरकारी नोकऱ्यांत प्रतिनियुक्तीवर आलेल्या बाहेरच्या कर्मचाऱ्यांविषयीची नाराजीही त्यात मिसळली. महाराष्ट्रातील डावे व समाजवादी नेते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून आलेले असल्याने भाषावार प्रांतरचनेच्या तत्त्वावर बहुतांशी विलीनीकरणाकडे झुकलेले होते. रेंदेराची आणि मुंडकाराची धास्ती एकाच मांडणीत बसवण्याचा प्रयत्न त्यांच्याकडून झालेला दिसत नाही. ती विलीनीकरणाच्या बाजूची मोठी उणीव होती.

कायदा व कार्यपद्धती. गोवा, दमण आणि दीव (जनमत कौल) विधेयक डिसेंबर १९६६ च्या पहिल्या आठवड्यात संसदेने संमत केले आणि १६ डिसेंबरला त्यास राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्या वेळी केंद्रीय गृहमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण होते. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री गृहखात्यात असताना महाराष्ट्राच्या दाव्यावर मतदान होणार, म्हणून निःपक्षपातीपणाची शंका विरोधकांना होती. बांदोडकर सरकारने मतदानापूर्वी पायउतार व्हावे, ही मागणी याच शंकेतून आली. डिसेंबर १९६६ च्या सुरुवातीला मंत्रिमंडळ गेले आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. सत्तेवरचा पक्ष या प्रश्नात स्वतःच एक बाजू होता. त्याच्या हाती प्रशासन ठेवून मतदान घेतले असते, तर निकालावर पुढे कायम संशय राहिला असता. ही अट मान्य झाली, हे या कौलाचे सर्वांत भक्कम अंग म्हणावे लागेल.

मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती : विलीनीकरणासाठी ‘फूल’, केंद्रशासित राहण्यासाठी ‘दोन पाने’. मगो पक्षाचा सिंह किंवा युनायटेड गोवन्सचा हात वापरला नाही. त्यामुळे पक्ष आणि प्रश्न वेगळे झाले. मात्र सिंहावर शिक्का मारायला शिकलेल्या निरक्षर मतदाराला महिनाभरात फुलाची ओळख करून द्यावी लागली. महाराष्ट्रात गावच्या दारूदुकानावर मत घेताना ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’ ही चिन्हे वापरतात. तेथे चित्रातच उत्तर दिसते. फूल आणि पानांत तसे काही नव्हते, म्हणून सगळा भार प्रचारावर पडला. शिक्का दोन्ही चिन्हांना लागला, कोणत्याच रकान्यात नीट उमटला नाही किंवा मतपत्रिका कोरीच टाकली तर मत बाद होते. गोव्यात बाद मतांची संख्या ७,२७२ भरते.

मतदार कोण, हा प्रश्न वादाचा राहिला. विधानसभेच्या यादीतील २१ वर्षांवरील रहिवासीच मत देऊ शकले. मुंबईत व इतरत्र कामधंद्यासाठी गेलेल्या गोवेकरांना मताधिकार नव्हता, जरी त्यांच्या मनीऑर्डरींवर गोव्यातली कितीतरी घरे चालत होती. उलट प्रतिनियुक्तीवर येऊन यादीत नाव लागलेले कर्मचारी मत देऊ शकत होते. रहिवास हा निकष तत्त्वतः योग्यच मानावा लागेल. परंतु स्थलांतर करूनच जगणाऱ्या समाजाला तो लावताना निदान चर्चा तरी व्हायला हवी होती.

त्याहून गंभीर उणीव म्हणजे स्वतंत्र राज्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. ‘दोन पाने’ निवडणाऱ्याला केंद्राच्या नायब राज्यपालाखालचा प्रदेश हवा होता की पूर्ण राज्य, हे कळायला मार्ग नव्हता. गोवा ३० मे १९८७ रोजी राज्य झाला. मधली वीस वर्षे ही न विचारलेल्या प्रश्नाची किंमत होती, असे म्हणता येते.

निकाल. मतमोजणी पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेत झाली आणि तिच्यासाठी तीन दिवस राखून ठेवले होते. एकूण ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे ८१.७७ टक्के मतदारांनी मत दिले. टक्केवारी निरनिराळ्या ठिकाणी वेगळी आढळते, कारण भागाकार कशाने केला हे सांगितले जात नाही. झालेल्या मतांवर हिशेब केला तर दोन पाने ५४.२१ आणि फूल ४३.५० टक्के. वैध मतांवर केला तर ५५.४८ आणि ४४.५२. एकूण मतदारांवर केला तर ४४.३३ आणि ३५.५७. तिसरा हिशेब क्वचितच कोणी देतो, पण त्यातून दिसते की विजयी बाजूलाही सर्व मतदारांच्या निम्मी मते नव्हती. फरक ३४,०२१ चा. सुमारे सतरा हजार मतदार इकडचे तिकडे झाले असते तर निकाल उलटला असता. किमान मतदानाची किंवा विशेष बहुमताची अट नव्हती. एवढ्या मोठ्या प्रश्नावर ती असावी, असे काही अभ्यासक मानतात. प्रस्तुत नोंदीत ते मत स्वीकारलेले नाही. अशा अटींमुळे घरी बसलेल्याचे मत ‘आहे तेच राहू द्या’ या बाजूला आपोआप मोजले जाते आणि त्याचा लाभ नेहमी प्रस्थापितांना होतो.

यानंतर काही आठवड्यांतच, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. विलीनीकरण नको पण बांदोडकर हवेत, असे म्हणणारेही मतदार होते, असे यावरून मानले जाते. १९६३ चा निकाल म्हणजेच विलीनीकरणाचा जनादेश, हा दावा त्यामुळे मागे पडला. जमीन आणि शाळा देणारे सरकार हवे असणे वेगळे आणि आपला प्रदेश दुसऱ्यात मिसळणे वेगळे, हा भेद सामान्य मतदाराने पुढाऱ्यांपेक्षा नेमका ओळखला होता.

वृत्तपत्रांची भूमिका. कौलाचा प्रचार वृत्तपत्रांतून जितका झाला तितकाच सभा, गाणी, तियात्र (कोकणी लोकनाट्य) आणि घरोघरच्या भेटींतून झाला. छापील बाजूविषयी अधिक सांगता येते. पणजीचे गोमन्तक विलीनीकरणाच्या बाजूने ठामपणे उभे होते. मडगावचे राष्ट्रमत विरोधात उतरले. चंद्रकांत केणी त्याचे संपादक होते आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर घराघरांत वाचले जाई. राष्ट्रमत मराठी होते, ही गोष्ट अनेकदा निसटते. महाराष्ट्रात जाऊ नका, हे मराठी वाचणाऱ्या हिंदू गोवेकराला मराठीतूनच पटवून दिले गेले. पोर्तुगीज व इंग्रजी पत्रे त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. मराठी भाषेवरील प्रेम आणि महाराष्ट्र राज्यात जाण्याची इच्छा एकच आहे, हे गृहीतक तिथे मोडले. (कोकणी-मराठी वादाचा भाषिक भाग स्वतंत्र नोंदीचा विषय आहे.)

मालकीचा विचार मात्र क्वचितच होतो. गोमन्तक चौगुले समूहाने, नवहिंद टाइम्स धेंपे समूहाने काढले होते. दोन्ही घराणी लोहखनिजाच्या खाणींतील. गोवा कोणत्या राज्यात जातो यावर खाणपट्टे आणि कर यांचे धोरण कोणत्या सरकारच्या हाती जाणार हे अवलंबून होते. या हितसंबंधाने एखाद्या पत्राची भूमिका ठरली, असे म्हणण्यास पुरावा लागेल. परंतु हितसंबंध वाचकासमोर मांडला जाणे हा वाचकाचा हक्क आहे, त्यासाठी पुरावा लागत नाही. कुळांच्या, मुंडकारांच्या किंवा खाणकामगारांच्या हातातले दैनिक या लढ्यात दिसत नाही. ज्यांचे सर्वस्व पणाला लागले होते, त्यांच्याविषयी दुसऱ्यांनीच लिहिले.

उत्तरदायित्वाची साधने तोकडी होती. १९५६ च्या नियमांनुसार वृत्तपत्राला दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म चार’ छापावा लागे. त्यात मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्या भागधारकांची नावे असत. आतल्या पानावर, बारीक टायपात, वर्षातून एकदा. जानेवारीत मत देणाऱ्या वाचकाच्या हाती आधीच्या मार्चमधला अंक असण्याची शक्यता नव्हती. न्या. जनार्दन मुधोळकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिली प्रेस कौन्सिल जुलै १९६६ मध्ये, कौलाच्या जेमतेम सहा महिने आधी, अस्तित्वात आली. तिला समज देता येई, निषेध नोंदवता येई, दंड करता येत नसे. आजच्या प्रेस कौन्सिलची रीत अशी, की तक्रारदाराने आधी संपादकाला लेखी कळवायचे आणि समाधान न झाल्यास दैनिकाच्या बाबतीत दोन महिन्यांच्या आत कौन्सिलकडे जायचे. मग नोटीस, उत्तर, सुनावणी. १९६७ मध्ये कायद्याला मंजुरी आणि मतदान यांत एकतीस दिवस होते. खोटी बातमी पहिल्याच दिवशी छापली असती, तरी तिचा निवाडा मते मोजून झाल्यावर आला असता.

कौलाच्या प्रचारखर्चाचा पक्षनिहाय तपशील उपलब्ध साधनांत आढळत नाही. पत्रके कोणी छापली, गाड्या कोणी पुरवल्या, महाराष्ट्रातून प्रचाराला आलेल्यांचा खर्च कोणी उचलला, याबद्दल आठवणी पुष्कळ आहेत, हिशेब नाही. दमण व दीवमधील प्रचाराविषयी तर मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेले नाही.