महाद्वाराबाहेरची भक्ती: चोखोबांपासून धम्मदीक्षेपर्यंत

धर्मामुळे गरिबाला विषमता सोसण्याचे बळ मिळते, की त्याच बळामुळे ती विषमता टिकून राहते, हा वाद आजही चालू असतो. महाराष्ट्रात तो केवळ विद्वानांपुरता राहिला नाही. येथील अस्पृश्य ठरवलेल्या जातींनी, विशेषतः महार समाजाने, तो सुमारे सहाशे वर्षे स्वतःच्या जगण्यात अनुभवला आणि काळानुसार त्याचे वेगवेगळे उत्तर दिले. हा इतिहास पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वारापासून सुरू करावा लागतो, कारण तेथे नामदेव पायरीजवळ संत चोखामेळा यांची समाधी आहे. ज्यांना जिवंतपणी उंबरठा ओलांडता आला नाही, त्यांना मृत्यूनंतरही जागा मिळाली ती दाराबाहेरच.

चोखोबा मंगळवेढ्याचे. गावगाड्यात महाराच्या वाट्याला जी कामे येत, म्हणजे मेलेली ढोरे ओढणे, वेशीची राखण करणे, सांगावे पोहोचवणे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणे, ती सारी बलुत्याच्या बदल्यात करायची असत, आणि बलुत्यात धान्याबरोबर शिळ्यापाक्याचा व उष्ट्याचाही समावेश असे. परंपरेनुसार १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या कुसवाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. पुढे नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून समाधी बांधली. वारकरी कथेत या अस्थींमधून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता असे सांगतात. त्या कथेइतकेच त्यामागचे वास्तवही लक्षात ठेवले पाहिजे: हा संत भिंत बांधण्याच्या कामावर मेलेला मजूर होता.

चोखोबांच्या घरातील सर्वांनी अभंग रचले. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका यांच्या नावावरील रचना आज उपलब्ध आहेत, आणि त्या एकत्र वाचल्या की एकाच घरात धर्माने दोन निरनिराळ्या गोष्टी केल्याचे दिसते. चोखोबांच्या एका अभंगात आपला जन्म महाराच्या पोटी का झाला याचे उत्तर पूर्वजन्मात शोधलेले आहे. आपण पूर्वी निळा नावाची व्यक्ती होतो, तेव्हा कृष्णाची निंदा घडली, म्हणून हा जन्म मिळाला, असे सांगून ते ‘विटाळ आम्हां पूर्वींचे हें फळ’ असा निष्कर्ष काढतात. व्यवस्थेने लादलेले दुःख येथे स्वतःच्या कर्माचे होते आणि म्हणून सोसण्याजोगे होते. त्याच घरातला मुलगा मात्र हे उत्तर स्वीकारत नाही. ‘आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती’ असे विचारून कर्ममेळा पुढे म्हणतो, ‘जन्म गेला उष्टें खातां, लाज न ये तुमचे चित्ता’. येथे लाज वाटायची आहे ती देवाला, उष्टे खाणाऱ्याला नव्हे. सोयराबाईंनी तर देहाचा विटाळ सांगणाऱ्यांना, विटाळाशिवाय कोणता देह निर्माण झाला, असा थेट प्रश्न केला आहे.

भक्तीने गरिबाला काय दिले, हे या अभंगांवरून बरेचसे कळते. वेद ऐकण्याचा अधिकार ज्याला नव्हता, त्याला नाम घेण्याचा अधिकार मिळाला, आणि त्यासाठी पुरोहित, दक्षिणा, मुहूर्त यांपैकी कशाचीही गरज नव्हती. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्याचे अभंग कीर्तनात सवर्ण कीर्तनकार गाऊ लागले. आषाढी-कार्तिकीच्या वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडू लागले. वर्षातले काही दिवस गावकीच्या कामातून सुटका, वाटेत अन्नदान, मुक्कामाला सोबत आणि गळ्यातल्या तुळशीमाळेमुळे आलेली प्रतिष्ठा, या गोष्टी रिकाम्या पोटी जगणाऱ्या माणसासाठी मुळीच क्षुल्लक नव्हत्या. व्यसनाने घर बुडणाऱ्या कुटुंबाला तर माळ घातलेला एक माणूस सावरू शकत असे. हे सारे मान्य करूनही त्याची सीमा सांगितली पाहिजे. चंद्रभागेच्या वाळवंटातली समता देवळाच्या दारात संपत होती आणि गावी परतल्यावर महारवाडा जेथे होता तेथेच होता. विसाव्या शतकाच्या मध्यास पालखीबरोबर चाललेल्या इरावती कर्वे यांनी एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती वेगळ्या बसत असल्याचे खेदाने नोंदवले आहे. स्पृश्यांमध्ये ही स्थिती, तर अस्पृश्यांची काय असेल याची कल्पना करता येते.

एकोणिसाव्या शतकात प्रश्न विचारण्याची जागा बदलली. कर्ममेळ्याने देवाला विचारलेला प्रश्न आता समाजाला, धर्मशास्त्राला आणि सरकारला विचारला जाऊ लागला. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. शेतकऱ्याच्या घरात मूल जन्मल्यापासून ते म्हातारा मरेपर्यंत, आणि मेल्यावरही श्राद्धपक्षाच्या निमित्ताने, भटभिक्षुक पैसा कसा काढत राहतात याचा हिशेबच त्यांनी मांडला. गरिबाच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोलाचा होता, कारण धर्म त्याला धीर देत होता तसाच कर्जातही लोटत होता. म्हणून पुरोहिताशिवाय लग्न लावणे हा सत्यशोधकांसाठी विचाराचा प्रश्न होता आणि घरखर्चाचाही. फुल्यांनी ईश्वर नाकारला नाही. सर्वांचा एक ‘निर्मिक’ मानून त्यांनी मध्यस्थ तेवढा नाकारला.

याच काळात लष्करात नोकरी केलेल्या महारांची एक पिढी निवृत्त होऊन गावी परतली. त्यांच्यापैकी गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून अस्पृश्यतेचा आधार काय, असे प्रश्न सनातन्यांपुढे ठेवले. विदर्भात किसन फागूजी बनसोडे यांनी चोखामेळ्याच्याच नावाने मुलींची शाळा काढली. पायरीवरच्या संताचे नाव शिक्षणाला जोडण्याचा तो प्रयत्न होता. अहमदनगर परिसरात महार आणि मांग समाजातील अनेक कुटुंबांनी मिशनऱ्यांच्या प्रभावाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दुष्काळातल्या धान्यासाठी ही माणसे बाटली, अशी टीका तेव्हा झाली आणि अजूनही होते, परंतु उपाशी माणसाला धान्य देणारा धर्म त्याला जवळचा का वाटू नये, याचे उत्तर टीकाकारांनी दिलेले नाही.

बहुजन समाजाच्या धर्मभावनेला हात न लावता तिची दिशा बदलण्याचे सर्वांत मोठे काम माझ्या मते गाडगेबाबांनी केले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी गेले, मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, आणि या दोन्ही गोष्टी त्यांच्या कीर्तनात आयुष्यभर येत राहिल्या. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटके गाडगे घेऊन ते गावात येत, दिवसभर रस्ते झाडत आणि रात्री ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’च्या गजरात कीर्तन करत. त्या कीर्तनात ते निरूपण फारसे करत नसत, प्रश्न विचारत. देव कोणी पाहिला, नवसाने मूल होत असेल तर नवरा कशाला करायचा, कर्ज काढून यात्रा केली तर ते कर्ज फेडायचे कोणी, असे विचारायचे आणि समोरच्या अडाणी समजल्या जाणाऱ्या श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घ्यायचे, ही त्यांची रीत होती. देवापुढे बकरे कापू नका, दारू पिऊ नका, जेवणाचे ताट मोडा पण मुलाला शाळेत घाला, हे त्यांचे सांगणे गरिबाला ऐकावेसे वाटे, कारण सांगणारा स्वतः झाडू मारून आणि मागून खाणारा होता. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी काही ठेवले नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांपैकी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्य यात्रेकरूंसाठी होती, कारण पंढरीला आलेल्या या भाविकांना रात्र काढायला छप्परही मिळत नसे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरी ही भक्ती परकी नव्हती. वडील रामजी कबीरपंथी होते आणि घरात संतवाणीचे पठण होई. पत्नी रमाबाईंनी पंढरपूरला जाण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा भक्ताला दाराबाहेर उभे करणाऱ्या पंढरपुराऐवजी आपण दुसरे पंढरपूर निर्माण करू, असे त्यांनी सांगितल्याचे चरित्रकारांनी नमूद केले आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो चार वर्षे चालला. मात्र दार उघडले नाही. १९३४ मध्ये सत्याग्रहाचे सेनानी भाऊराव गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात आंबेडकरांनी स्पष्ट केले की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा मंदिरात गेल्याने ते समान होतील असे आपल्याला कधीच वाटले नव्हते. त्यांच्यात आपल्या स्थितीची जाणीव आणि चेतना निर्माण करण्यासाठी तो मार्ग पत्करला होता. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले.

संतांविषयी त्यांचे मत कठोर होते. संतांनी माणूस आणि देव यांच्या नात्याचा विचार केला, माणूस आणि माणूस यांच्यातील झगड्याचा नव्हे, आणि त्यामुळे जातीवर त्यांच्या शिकवणुकीचा परिणाम झाला नाही, असे ते मानत. तरीही अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला १९४८ सालचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. मला यात विसंगती दिसत नाही. चोखोबांची वेदना त्यांना आपली वाटत होती, तिच्यावरचा उपाय तेवढा अपुरा वाटत होता.

साने गुरुजींच्या उपोषणाकडेही या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. १ मे १९४७ पासून पंढरपुरात त्यांनी प्राणांतिक उपोषण केले, त्याआधी महाराष्ट्रभर दौरा करून शेकडो गावांतली मंदिरे आणि विहिरी खुल्या करण्याचे आवाहन केले होते, आणि दहा दिवसांनी विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले करण्याचा निर्णय झाला. चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशे नऊ वर्षांनी. गुरुजींच्या त्यागाबद्दल आदर बाळगूनही हे नोंदवणे भाग आहे की, ज्यांच्यासाठी दार उघडले त्यांच्यातील मोठा वर्ग तोपर्यंत तेथून निघून जाण्याचे मनाशी ठरवून बसला होता. १९४९ मध्ये गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली; यात्रेकरूंचे छप्पर विद्यार्थ्यांचे झाले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या समुदायाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात आंबेडकरांनी गरिबाला धर्माची गरज असते, पीडित माणूस आशेवर जगतो आणि आशा हेच जीवनाचे मूळ आहे, असे सांगितले. धर्म ही केवळ श्रीमंतांची चाल आहे असे मानणाऱ्यांना ते उत्तर होते. परंतु या आशेत पूर्वजन्माच्या पापाला जागा नव्हती. बावीस प्रतिज्ञांत देवदेवतांची पूजा, श्राद्ध, पिंडदान आणि ब्राह्मणाकरवी क्रियाकर्म नाकारलेले आहे, सर्व माणसे समान आहेत असे मानण्याचे वचन आहे आणि दारू न पिण्याचेही आहे. फुल्यांनी मांडलेला खर्चाचा हिशेब आणि गाडगेबाबांची कळकळ त्यात सामावलेली दिसते. त्याच सुमारास खेडोपाडी लोकांनी ढोरे ओढणे आणि गावकीची कामे सोडली, घरातले देव नदीत सोडले. बदल्यात बलुते बंद झाले आणि कित्येक ठिकाणी बहिष्कार, मारहाण वाट्याला आली.

या निर्णयाची आर्थिक किंमतही मोठी होती. अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंना आणि १९५६ पासून शिखांनाही लागू होत्या; बौद्ध झालेल्यांना त्या मिळत नव्हत्या. महाराष्ट्र राज्याने स्थापनेनंतर आपल्या कक्षेत नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्र सरकारच्या नोकऱ्या आणि शिक्षणसंस्था यांसाठी त्यांना १९९० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. कागदावर हिंदू महार एवढे लिहिले तर नोकरीची वाट मोकळी होत होती, आणि काहींनी नाइलाजाने तसे लिहिलेही. अनेकांनी मात्र १९६१ आणि त्यानंतरच्या जनगणनांत आपला धर्म बौद्ध असाच नोंदवला.