पानावर मारलेलं झिंक गव्हाच्या दाण्यात कसं पोचतं

मार्च-एप्रिल आला की इंदूरात घरोघरी वर्षाचा गहू भरायची गडबड सुरू होते. मंडीत माणूस मूठभर गहू हातावर घेतो, चमक बघतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो, लोकवन की शरबती, बाफल्यासाठी कठिया म्हणजे कडक दाण्याचा गहू आहे का, भाव काय, खडे किती, सगळं विचारतो. पण त्या दाण्यात झिंक म्हणजे जस्त किती आहे हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी सांगणारं कोणी नसतं. मला हे फार खटकतं, कारण हे जस्त वाढवायचा उपाय शेतकऱ्याच्या पाठीवरच्या फवारणी पंपातच आहे.

आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज 17 मिलिग्रॅम जस्त लागतं आणि बाईला 13 च्या आसपास. कमी पडलं की मुलांची वाढ खुंटते, जखमा लवकर भरत नाहीत, जुलाब आणि छातीचे आजार जास्त गाठतात. माणसात जस्त कमी पडू शकतं ही शंका मुळात 1961 मध्ये मांडली गेली, तीही मूळच्या बिहारच्या डॉ. आनंद प्रसाद यांनी. ते तेव्हा इराणात शिराझला होते, आणि तिथे त्यांना वाढ खुंटलेली तरुण मुलं दिसली जी जवळजवळ नुसत्या न आंबवलेल्या रोटीवर जगत होती. गव्हात फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते जस्ताला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही, पीठ आंबवलं की ते कमी होतं. आपली पोळीही न आंबवलेलीच असते हे इथे लक्षात घ्या.

आता आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत जस्त नाहीच असं नाही हो, पण माती अल्कधर्मी, त्यात चुनखडी, त्यामुळे असलेलं जस्त मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं आणि मुळांच्या हाती लागत नाही, वर वर्षानुवर्षं डीएपी खत टाकल्याने स्फुरद म्हणजे फॉस्फरस वाढला की जस्ताचं शोषण आणखी कमी होतं. देशातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त जमिनीत जस्त कमी आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या तराई भागातल्या भातावर पडणारा खैरा हा रोग नसून जस्ताची उपासमार आहे, हे पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. नेने यांनी 1966 मध्ये दाखवलं होतं.

तुर्कस्तानात मध्य अनातोलियाच्या पठारावरही अशीच चुनखडीची जमीन. तिथे इस्माईल चाकमाक या शास्त्रज्ञाने गव्हाला जस्त देण्यावर अनेक वर्षं काम केलं, आणि पुढे भारतासह 7 देशांत एकत्र प्रयोग झाले त्यात एक गोष्ट फार स्पष्ट दिसली. काहीच न दिलेल्या गव्हात किलोमागे सरासरी 27 मिलिग्रॅम जस्त होतं. जमिनीतून दिलं तर ते जेमतेम 12 टक्के वाढलं, पण पानांवर फवारलं तर 84 टक्के, म्हणजे 48 च्या आसपास! दिवसाला 300 ग्रॅम पीठ खाणाऱ्याचा हिशोब केला तर पोटात 8 ऐवजी 14 मिलिग्रॅम जातं. सगळं अंगी लागत नाही हे खरं, पण फरक मोठाच आहे.

हे होतं कसं ते बघण्यासारखं आहे. पानावर मेणाचा पातळ थर असतो, थेंब त्यावरून घरंगळून जाऊ नये म्हणून द्रावणात थोडं चिकटद्रव्य घालतात. थेंब ओला असेपर्यंतच जस्त आत शिरतं, वाळला की काम थांबतं, म्हणून फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आत गेलेलं जस्त पानातून साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांमधून ओंबीकडे जातं, आणि दाणा भरायला लागला की झाडाचा सगळा ओघ तिकडेच असतो. त्यामुळे वेळेला फार महत्त्व आहे, पीक पोटरीत म्हणजे ओंबी बाहेर पडायच्या बेतात असताना एक फवारणी आणि दाणा चिकात म्हणजे आत दुधासारखा रस असताना दुसरी, त्यातही चिकातली जास्त कामाची. दाणा टणक झाल्यावर फवारलं तर पैसे पाण्यात. प्रमाण अर्धा टक्का, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम झिंक सल्फेट, पण हे 21 टक्के जस्तवाल्याचं, पुडीवर 33 टक्के लिहिलं असेल तर 50 ग्रॅमच्या आतच. पानं करपू नयेत म्हणून त्याच्या निम्मा चुना रात्री भिजवून सकाळी वरची निवळी ओतायची. स्फुरदाच्या विद्राव्य खताबरोबर मात्र मिसळू नका, तळाशी पांढरा साका बसतो आणि जस्त वाया जातं.

लोहाचं असं जमत नाही याचं वाईट वाटतं, आपल्या बायकांना गरज त्याचीच जास्त. फेरस सल्फेट हे लोहाचं खत पानावर पडलं की लगेच ऑक्सिडाइज होतं आणि दाण्यापर्यंत फारसं पोचतच नाही. आयोडीन पालेभाजीत छान साठतं, दाण्यात कमी. सेलेनियमच्या बाबतीत मात्र जपून, फिनलंडने 1984 मध्ये ठरवून ते देशभरच्या खतातच मिसळायला घेतलं आणि लोकांच्या रक्तातलं प्रमाण वाढलं, पण आपल्याकडे पंजाबात होशियारपूर-नवांशहरकडच्या काही गावांत ते जमिनीतच इतकं आहे की जनावरांचे खूर बिघडतात. गरज आणि विष यातलं अंतर इथे फार कमी आहे. आणि हो, गच्चीवरच्या मेथी-पालकावर कोणी असली फवारणी करू नका, तिथे आपण पानच खातो, म्हणजे वरचं औषध थेट ताटात.

दाण्यात जस्त जास्त असतं कोंड्यात आणि अंकुरात, मैदा करताना ते बरंचसं निघून जातं. फवारलेल्या गव्हात मात्र आतल्या पांढऱ्या भागातही ते वाढतं, त्यामुळे पीठ चाळणाऱ्या घरांनाही थोडं मिळतंच.

आता अडचण शेतकऱ्याची. पानावरच्या जस्ताने बहुतेक वेळा उत्पन्न वाढत नाही, मंडीत त्याला वेगळा भाव नाही, मग त्याने खर्च का करावा? याला 2 वाटा दिसतात. एक म्हणजे वाणातच जस्त जास्त असणं, इंदूरच्याच गहू संशोधन केंद्राने काढलेल्या पूसा तेजस या कठिया गव्हात ते किलोला 40 मिलिग्रॅमच्या वर आहे. आणि दुसरी, मावा या किडीची किंवा तांबेरा या रोगाची फवारणी होणारच असेल तर झिंक त्यातच द्यायचं, आधी एका बाटलीत दोन्ही मिसळून फाटत नाही ना एवढं बघून, म्हणजे वेगळी मजुरी नको. शिवाय जस्तवाला दाणा बियाणं म्हणून राखला तर कमी जस्ताच्या जमिनीत त्याचं रोप जोमदार निघतं, म्हणजे घरचं बी वापरणाऱ्याला पुढच्या रब्बीत स्वतःच्या शेतातही त्याचा फायदा मिळतो.