द हाउस ऑन मँगो स्ट्रीट : व्यक्तिरेखा आणि अलंकार

मेक्सिकन-अमेरिकन लेखिका सँड्रा सिस्नेरोस (जन्म १९५४) यांची इंग्रजी कादंबरिका. ह्यूस्टनच्या आर्ते पुब्लिको प्रेसने ती १९८४ साली प्रकाशित केली. पुढच्या वर्षी तिला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाला. शिकागोतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या, वस्तीत वाढणाऱ्या एस्पेरान्सा कोर्देरो या मुलीचे बालपण संपत जाते, ते ४४ लहान प्रकरणांतून. काही प्रकरणे पानभरही नाहीत. संवादांना अवतरणचिन्हे नाहीत, त्यामुळे कोण बोलले आणि एस्पेरान्साच्या मनात काय आले, यांत भिंत राहत नाही.

साहित्यशास्त्रात अलंकार म्हणजे भाषेचा दागिना. एस्पेरान्सा मात्र तुलनेसाठी घरात हाताशी येईल ते उचलते : झाडू, मिठाई, पत्रा, पाव, कोट. वडिलांचे केस झाडूसारखे उभे, धाकट्या भावाचे, कीकीचे, फरसारखे मऊ. आईचे केस मिठाईच्या गोल वेटोळ्यांसारखे, आणि तिथेच वास सुरू होतो, भाजायच्या आधीच्या पावाचा, शेजारी झोपायला जागा करून देणाऱ्या अंथरुणाचा. याच वडिलांना आजोबा गेल्याची बातमी सांगताना रडू फुटते, तेव्हा ते कोटासारखे चुरगळतात. कष्टकरी माणसाचे कोसळणे मुलीला एका वापरातल्या कपड्यात दिसते.

चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असे वर्णन, पहिल्याच प्रकरणात भेटते. कित्येक भाड्याच्या घरांनंतर कुटुंबाला मिळालेले हे पहिले स्वतःचे घर, पण त्याच्या खिडक्या श्वास रोखून बसल्यासारख्या इवल्याशा आणि दार फुगून बसलेले. आधीच्या लूमिस रस्त्यावरच्या घराकडे बोट दाखवून एका ख्रिस्ती जोगिणीने 'तू तिथे राहतेस?' असे विचारले होते. त्या 'तिथे'ची लाज एस्पेरान्साच्या मनातून शेवटपर्यंत जात नाही.

नावावरचे प्रकरण सर्वांत दाट विणीचे आहे. एस्पेरान्सा म्हणजे आशा. पण ज्या क्रियापदापासून हे नाव आले, त्याचा अर्थ वाट पाहणे असाही होतो. मराठीतल्या 'आस' या शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, म्हणून मराठी वाचकाला हा श्लेष लगेच उमगतो. शाळेत तिचे नाव पत्र्याचे होऊन टाळूला टोचते, स्पॅनिशमध्ये ते चांदीसारखे मऊ असते. हे नाव पणजीकडून आलेले. पणजी रानघोडीसारखी होती. पणजोबांनी डोक्यावर पोते टाकून तिला शोभेच्या झुंबरासारखी उचलून नेली आणि ती आयुष्यभर कोपरावर दुःख टेकवून खिडकीबाहेर पाहत राहिली. मुलीला पणजीचे नाव चालते, खिडकीतली जागा नको. आडनाव कोर्देरो म्हणजे कोकरू. पणजीची रानघोडी शेजारी ठेवली की हे आडनाव आणखी बोलू लागते.

ती खिडकी पुढे गल्लीतल्या घराघरांत उघडते. राफाएला तरुण आहे. नवरा मंगळवारी डॉमिनोज खेळायला जाताना तिला कुलूपबंद करून जातो, मग ती खिडकीतून दोरीला पिशवी बांधून मुलांकडून नारळ-पपईचा रस मागवते. ममासिता इंग्रजीच्या भीतीने खोलीबाहेर येत नाही. तिचे तान्हे मूल दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीतले इंग्रजी गाणे म्हणू लागते तेव्हा तिचे काळीज फाटते. सॅलीचे डोळे इजिप्तसारखे रंगवलेले. बापाच्या मारातून सुटायला ती आठवीच्याही आधी लग्न करते आणि नव्या घरातल्या फरशीवरचे नक्षीचे गुलाब पाहत बसते. या बायकांचे हाल सांगताना सिस्नेरोस आवाज चढवत नाहीत. एक खिडकी, एक दोरी, एक फरशी एवढ्यावर त्यांचे भागते, आणि या कादंबरिकेचे खरे बळ मला तिथेच वाटते.

लिहिणाऱ्या-शिकणाऱ्या बायकाही इथे आहेत. आई वारल्यावर पहाटे उठून घरचे जेवण रांधणारी आणि दोन गाड्या बदलून विद्यापीठात जाणारी अलिसिया, कागदाच्या चिठोऱ्यांवर कविता लिहिणारी दोन मुलांची आई मिनर्व्हा, आणि 'लिहीत राहा, त्यानेच मोकळी राहशील' असे अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत सांगणारी आंधळी ग्वादालूपे मावशी.

घरासमोरची चार किडकिडीत झाडे हे एस्पेरान्साचे स्वतःचे रूपक. तिच्यासारखीच बारीक मानेची, टोकदार कोपरांची, काँक्रीटमध्ये लावलेली. पण जमिनीखाली मुळे आडदांड. आरंभी ती स्वतःला जहाजाच्या नांगराला बांधलेला लाल फुगा म्हणते. फुग्यापासून मुळांपर्यंतचा हा प्रवास म्हणजेच तिचे वाढणे. शेवटाकडे तिला हव्या असलेल्या घराचे वर्णन येते, कवितेआधीच्या कागदासारखे कोरे. तीन म्हाताऱ्या बहिणी मात्र तिला बजावतात, की निघून गेलीस तरी मागे राहिलेल्यांसाठी परत यायचे.

मेक्सिकोतील ज्येष्ठ लेखिका एलेना पोनियातोव्स्का यांनी १९९४ मध्ये या कादंबरिकेचा स्पॅनिश अनुवाद केला. अमेरिकेतल्या अनेक शाळांत ती पाठ्यपुस्तक म्हणून वाचली जाते. ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरात मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम २०१२ मध्ये बंद करण्यात आला, त्याच्या वाचनयादीत हे पुस्तक होते.