क्लाइडवरच्या पॅडल स्टीमरच्या सहली

ग्लासगोहून क्लाइड नदीने खाली खाडीत उतरायचं आणि डनून, रॉथसे अशा समुद्रकाठच्या गावांना चाकाच्या आगबोटीने दिवसभर फिरून यायचं, ही स्कॉटलंडमधली जुनी प्रथा, तिथले लोक याला ‘डून द वॉटर’ जाणं म्हणतात. सुरुवात हेन्री बेलच्या ‘कॉमेट’पासून, १८१२ मध्ये ती क्लाइडवर प्रवासी नेऊ लागली आणि युरोपात धंदा म्हणून नीट चाललेली वाफेच्या बोटीची पहिली सेवा तीच.

पॅडल स्टीमरला दोन्ही अंगांना मोठी चाकं असतात. उथळ पाण्यात ती चालते, चाकं उलटी फिरवली की चटकन थांबते, त्यामुळे एकामागून एक धक्के घेत जायला एकदम सोयीची. फक्त सगळी गर्दी एका बाजूला गेली की बोट कलते, एक चाक खोल बुडतं आणि दुसरं पाण्याबाहेर यायला लागतं.

खरी धमाल जुलैत, ग्लासगो फेअरच्या सुट्टीत. कारखाने, गोद्या बंद आणि कामगारांची कुटुंबंच्या कुटुंबं धक्क्यावर! १८९० च्या दशकात तर तीन रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या बोटी होत्या, गाडीने किनारा गाठायचा नि तिथून बोट पकडायची, आणि पुढचा धक्का आधी गाठायला कॅप्टन लोक चक्क शर्यती लावायचे. १८७८ च्या ‘कोलंबा’वर पोस्ट ऑफिस होतं, न्हाव्याचं दुकानसुद्धा होतं. माझ्या मते लोक रॉथसेइतकेच बोटीसाठीही जायचे, म्हणजे डेकवर बँड, खाणंपिणं आणि खाली फिरणारं इंजिन बघत उभं राहणं.

दोन्ही महायुद्धांत यातल्या कितीतरी बोटी सुरुंग काढायच्या कामाला लागल्या, जुनी ‘वेव्हर्ली’ १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला बुडाली. तिच्या जागी बांधलेली नवी ‘वेव्हर्ली’ १९४७ मध्ये सुरू झाली. पुढे घरोघरी गाड्या आल्या, परदेशातल्या स्वस्त विमानसहली आल्या आणि प्रवासी आटले. १९७४ मध्ये ही नवी ‘वेव्हर्ली’ अवघ्या एका पौंडाला पॅडल स्टीमर जतन करणाऱ्या संस्थेला दिली गेली आणि १९७५ पासून परत फिरू लागली, समुद्रावर प्रवासी नेणारी जगातली शेवटची पॅडल स्टीमर. देणग्यांवर दुरुस्त्या होत आल्यात, नवे बॉयलरही बसलेत, आणि इंजिन आजही प्रवाशांना जवळून बघता येतं.